गाणं नसलेली दहा मिनिटं

सीताबाईनं पिशवीतून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली, तसे तिच्यासोबत मूठभर तांदूळ सांडले.

"तांदळाच्या कोठीत ठेवली होती," ती म्हणाली. "तिथी ओल धरत नाई म्हणून."

आमच्या सावली गावचे लोक तांदळात काय काय ठेवतात ते मला ठाऊक आहे. कच्ची सीताफळं ठेवतात, भिजलेला मोबाइल ठेवतात. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी तर बायकोपासून लपवून सिगारेटचं पाकीट ठेवलं होतं. तांदूळ रोज बायकोच काढते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पण एकतीस वर्षं लग्नाची व्हिडिओ कॅसेट तांदळात ठेवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. मी कॅसेट कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ वाजलं.

"बिघडली का जी?"

"नाई. आतबी तांदूळच आहेत."

सीताबाई हसली नाही. ती माझ्याच वयाची, पन्नाशीच्या जरा पुढं गेलेली. तिचं माहेर वैनगंगेपलीकडं, आरमोरीजवळ. सासर इथलं. नवरा वामनराव मागच्या वर्षी शाळेतून रिटायर झाले, मुलगा राजदीप पुण्याला नोकरीला आणि मुलगी पिंकी, जिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. त्या लग्नाची शूटिंग आमच्याच फोटोच्या दुकानाकडं होती. मला वाटलं, मांडवात मोठ्या पडद्यावर 'आईबाबांचं लग्न' दाखवायचं असेल. हल्ली तशी फॅशन आहे. पाहुणे जेवता जेवता पाहतात आणि "बापरे, किती बारीक होते हे!" म्हणून आणखी एक गुलाबजाम घेतात.

"पडद्यावर दाखवाची आहे का?" मी विचारलं.

"मले चित्र नाई पायजे," सीताबाई म्हणाली. "मले माह्या बाचा आवाज पायजे."

तिचे वडील पत्रुजी त्यांच्या गावचे कोतवाल. तलाठ्याचा निरोप असो, लहान पोरांचे डोस असोत नाहीतर कोणाची हरवलेली बकरी, पत्रुजी चौकात उभे राहून बोलले की शेवटच्या घरातलं झोपलेलं पोर उठून रडायला लागायचं. ग्रामपंचायतीनं भोंगा आणला होता, पण पत्रुजी आहेत तोवर त्याचं खोकं कोणी फोडलं नाही. सीताबाईच्या लग्नानंतर दोन वर्षांनी ते गेले.

"चेहरा आठवते," ती म्हणाली. "फोटो आहे ना भिंतीवर, रोज दिसते. पण आवाज... चंचलबाई, मागच्या महिन्यात भांडे घासता घासता आठवून पाह्यला, तं आलाच नाई. एवढा मोठ्ठा आवाज होता त्याचा. असा कसा जाईन? मंग ध्यानात आलं, अवो, कॅसेट आहे ना! त्याच्यात बा बोलला असनच. तो काई गप बसणारा होता का?"

मी "पाहतो" म्हटलं, नातीला उचलावं तशी कॅसेट उचलली आणि आत नेऊन ठेवली. परत बाहेर यायला मुद्दाम वेळ लावला. कारण त्या कॅसेटमधला पत्रुजींचा आवाज कोणी खाल्ला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मीच खाल्ला होता.

माझं नाव चंचल. हे नाव ठेवणाऱ्या आत्याला काय ठाऊक, की ही पोरगी बत्तीस वर्षं एका खुर्चीत बसून दुसऱ्यांची लग्नं कापणार आणि जोडणार आहे. लग्न होऊन मी चिमूरहून आले तेव्हा नवऱ्याचं, म्हणजे धनराजचं, बस स्टँडच्या रस्त्यावर फोटोचं दुकान होतं आणि नवीनच व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. त्यात अख्खी मोठी कॅसेट बसायची, म्हणून तो बंदुकीसारखा खांद्यावर ठेवावा लागे. धनराज शूटिंग करायचा. मिक्सिंगला नागपूरहून माणूस यायचा, तो एक दिवस आलाच नाही. दोन व्हीसीआर, एक टेपरेकॉर्डर आणि वायरींचा गुंता घेऊन मी बसले. कोणी शिकवलं नाही. वायर काढायची, दुसरीकडं लावायची, काय बिघडतं ते पाहायचं. स्वयंपाकही मी असाच शिकले होते.

तेव्हाची शूटिंग म्हणजे मांडवात ऊन आणल्यासारखा दिवा. तो आपल्याकडं वळला की लोक चालायचे थांबून, हात सरळ सोडून, श्वास रोखून उभे राहत. फोटोची सवय. "हला जी, हला, हा फोटो नोय!" असं धनराज ओरडायचा, तेव्हा ते फक्त मान हलवत. आणि आवाज? लग्नातला खरा आवाज म्हणजे कचरा. लोक पैसे देत ते गाण्यांसाठी. हळदीचं वेगळं, वरातीचं वेगळं, रडारडीचं वेगळं. मधल्या वायरीला टेपरेकॉर्डर जोडला की मांडवातला गोंधळ गेला आणि गाणं आलं. कॅसेटमध्ये कुठं माणसांचं बोलणं ऐकू आलं तर गिऱ्हाईक म्हणे, "बाई, इथी आवाज येऊन राह्यला, काहाडून टाका."

पुढं सगळं बदलत गेलं. सीडी आली, तेव्हा आम्ही नवरदेवाला ताजमहालापुढं आणि नवरीला धबधब्यात उभं केलं. सीडीचा पेनड्राइव्ह झाला, तो लोकांनी टीव्हीला लावला आणि हरवला. आता आमची लेक दिव्यानी ड्रोन उडवते. तीन तासांच्या लग्नाचं पहिलं रील वरात दारात असतानाच गावभर पोचलेलं असतं. आणि तीच दिव्यानी नवरीच्या बापाच्या शर्टाला करंगळीएवढा माइक लावते, "काका, नॅचरल बोला" म्हणते. जो आवाज मी तीस वर्षांपूर्वी फेकत होते, तो आता पॅकेजमध्ये वेगळा मिळतो.

पण सीताबाईच्या कॅसेटची गोष्ट वेगळी होती. तिचं मिक्सिंग चालू असताना लाइन गेली. दोन तासांनी आली, तेव्हा मी दोन्ही व्हीसीआर चालू केले आणि टेपरेकॉर्डरची वायर लावायची विसरले. शेवटची दहा मिनिटं, म्हणजे पाठवणीची, पोरगी वाटेला लावायची, ती तशीच उतरली. गाणं नाही. नुसता मांडव.

वामनरावांच्या घरी एका रविवारी दुपारी भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणला, खिडक्यांना चादरी लावल्या, चाळीस माणसं पाहायला बसली. नवी नवरी सीता त्या चाळीस माणसांचा चहा करत चुलीशी होती. स्वतःच्या लग्नाची कॅसेट तिनं धुरातून, दारातून, तुकड्या-तुकड्यानं पाहिली, आणि शेवट तर पाहिलाच नाही. शेवटी गाणं थांबलं आणि माणसांचा गलका ऐकू आला, तशी मंडळी म्हणाली, "खराब निंघाली कॅसेट." वामनरावांना राग आला. दुसऱ्या दिवशी ते कॅसेट घेऊन दुकानात हजर. मी तेव्हा माहेरी गेले होते. धनराजनं कॅसेट ठेवून घेतली, मी आल्यावर म्हणाला, "गाना टाकून देल्लो." पुढं वामनराव रस्त्यात भेटले, तेव्हा सायकलवरून उतरून म्हणाले, "आता एक नंबर झाली जी!"

म्हणजे मी अनवधानानं जी दहा मिनिटं वाचवली होती, तीही धनराजनं पुसली होती.

सीताबाई कॅसेट देऊन गेली त्या संध्याकाळी मी त्याला धरलं.

"सीताबाई बापाचा आवाज मागून राह्यली. काय सांगू तिले?"

"कायचा आवाज?"

"वामनरावानं दुरुस्तीले आणली होती ते कॅसेट. तुमी गाना टाकला त्याच्यावर. आठवते का नाई?"

धनराजनं डोकं खाजवलं. मग पंख्याकडं पाहिलं. "कॅसेट लागू तं दे अगोदर," म्हणाला. "एवढी जुनी. लागते का नाई लागत." आणि पायात चपला घालून निघाला. दुसऱ्या दिवशीही मी विषय काढला की त्याला काहीतरी काम आठवे. आरमोरीचा बाजार, ड्रोनची बॅटरी, मेव्हण्याची तब्येत. मेव्हणा म्हणजे माझाच भाऊ, आणि त्याची तब्येत ठणठणीत होती.

मी आणि दिव्यानी कॅसेट उघडायला बसलो. खालचे पाच स्क्रू काढले. आतून सात तांदूळ, एक मेलेला किडा आणि पांढरी पूड निघाली. पण फीत कोरडी होती, बुरशीचा ठिपका नव्हता. तांदळानं काम केलं होतं. स्पिरिट आणि कापसानं हळूहळू पुसत आम्ही ती दुसऱ्या चांगल्या डबीत भरली.

"मम्मी, हे एकदाच चालवायची," दिव्यानी म्हणाली. "चालता चालताच कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेऊ. तुटली तं तुटली, दुसरा चान्स नाई."

"अगोदर आपण पाहून घेऊ ना."

"एकदाच म्हटलं ना मम्मी."

म्हणजे सीताबाईला आधी सांगायचं, की नुसतं पाहू द्यायचं, हे मलाच ठरवायचं होतं. तीन वेळा फोन हातात घेतला. तिन्ही वेळा तिनंच आधी बोलायला सुरुवात केली. "चंचलबाई, चालंन ना?" मी म्हटलं, "चालंन." कॅसेटबद्दल ते खरं होतं.

मंगळवारी दुपारी तिघं आली. सीताबाई नव्या साडीत, जणू कोणाला भेटायला निघाली आहे. वामनराव इस्त्रीच्या शर्टात. पिंकी चंद्रपूरला दवाखान्यात नर्स आहे, ती ड्युटी बदलून आली होती.

"जय भीम, धनराजभाऊ," वामनराव म्हणाले.

"जय भीम, जय भीम. बसा जी. मी चहा सांगून येतो."

"चहा मी सांगतला," मी म्हटलं. "तुमी बसा इथीच."

धनराज दाराजवळच्या स्टुलावर अर्धाच बसला.

मी शटर अर्धं ओढलं आणि व्हीसीआरचं बटण दाबलं. आत काहीतरी कुरकुरलं. पडद्यावर आडव्या रेघा आल्या, मग निळा रंग, आणि त्यावर गरगर फिरत 'मंगल परिणय' अशी अक्षरं. ती फिरवायला मला तेव्हा अख्खी दुपार लागली होती. मग कमळ आलं, कमळ उमललं आणि आतून पांढऱ्या साडीतली वीस वर्षांची सीता निघाली.

"आई!" पिंकी ओरडली. "तू कमळातून आली होती काय?"

"मले इचारून नाई काहाडलं," सीताबाई म्हणाली.

नवरीच्या तळहातावर वामनराव प्रकटले. भरघोस केस, तलवारकट मिशी.

"बाबा, केस होते तुमाले!"

"सरकारी नोकरीत गेले," वामनराव म्हणाले.

त्रिशरण-पंचशील चाललं होतं. सगळे हात जोडून उभे, ओठ हलताहेत आणि वर माझं निवडलेलं सनईचं गाणं. वऱ्हाडी जेवताहेत, वर गाणं. म्हाताऱ्या दिव्याकडं पाहून श्वास रोखून उभ्या, वर गाणं. मला प्रत्येक गाणं कुठं सुरू होणार ते आधीच आठवत होतं आणि प्रत्येक वेळी मी खुर्चीत आणखी खाली सरकत होते.

मग पत्रुजी आले. धोतर, पांढरा सदरा, छातीवर कोतवालाचा बिल्ला लेकीच्या लग्नातही लावलेला. बुंदीची बादली वाहणाऱ्या कोणाला तरी ते हात वर करून काही सांगत होते. तोंड चांगलं मोठं उघडलं, आणि त्यातून सिनेमातली नायिका गायला लागली.

पिंकी हसून लोळायची बाकी राहिली. दिव्यानीही हसली. वामनरावांनी रुमाल तोंडाला लावला. सीताबाईही पहिल्यांदा हसली. मग उठली, स्टूल उचललं, टीव्हीला चिकटून बसली आणि कान स्पीकरला लावला. पत्रुजी तीनदा आले, तीनदा बोलले. तिन्ही वेळा बाईच्या आवाजात.

"गाण्याच्या मागून काई येते का?" तिनं मला विचारलं.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"नाई येत, सीताबाई. मीच टाकले गाणे. वायर काहाडली का खालचा आवाज जाते, मंग तो कुठीच नसते." मी एका दमात बोलले. "शेवटचे दहा मिनिटं तेवढे राह्यले होते. माह्या चुकीनं. त्याच्यात तुह्या बाचा आवाज होता. पण मंग..." मी वामनरावांकडं पाहिलं.

वामनराव खाली फरशीकडं पाहत होते. "मीच आणली होती दुरुस्तीले," ते म्हणाले. "लोक हासले म्हणून."

सीताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली. एवढंच. संसार केलेल्या कोणालाही विचारा, असं "बरं" किती दिवस पुरतं.

पडद्यावर वरात मॅटॅडोर गाडीकडं निघाली होती आणि गाणं संपत आलं होतं. आता रडारडीचं लागेल, म्हणून मी रिमोटकडं हात नेला. बंद करावं असं मनात होतं.

गाणं संपलं. दुसरं लागलं नाही.

आधी नुसती खरखर आली. मग कुठंतरी बकरी ओरडली. कोणाचं तरी पोर रडलं, मॅटॅडोरचं इंजिन घरघरलं, आणि त्या सगळ्यावरून, सगळ्याला खाली दाबत, स्पीकरचा पत्रा थरथरवत तो आवाज आला.

"सरका रे पोट्टेहो! मागं सरका! टायर दिसत नाई का तुमाले? ओ मावशी! तुमी कुठी चढून राह्यल्या? तुमी तं आमच्याकडच्या होय! उतरा, उतरा खाली! चपला पाहून घ्या रे आपापल्या, मंग माह्यावर नाव नाई!"

दिव्यानीनं झटकन कॉम्प्युटरकडं पाहिलं. आवाजाची हिरवी पट्टी टोकापर्यंत उड्या मारत होती. तिनं मला अंगठा दाखवला. उतरत होतं.

"सीते! ए सीते! खिडकीपाशी बस माय, तुले गाडी लागते! जावईबापू, सरका जी जरा. तिले खिडकी द्या! नाईतं तुमच्याच नव्या कपड्यावर येईन, मंग मले नोका सांगू!"

पडद्यावर खिडकीत बसलेल्या नवरदेवानं गळ्यातला हार नीट केला आणि तो तिथंच बसून राहिला.

मॅटॅडोर हलला. बायकांचं रडणं उठलं, तरी आवाज त्याच्यावरून येतच होता, गाडीमागं धावत असल्यासारखा. "लिंबू ठेवलं आहे पिशवीत! सीते, लिंबू! हिरव्या पिशवीत!" गाडी वळणावर दिसेनाशी झाली. कॅमेरा थोडा वेळ नुसत्या धुळीवर राहिला. मग पत्रुजी परत आले, अगदी जवळ, चेहरा पडद्यात मावेना. आवाज आता खाली आला होता, घरातल्या घरात बोलावं तसा.

"झालं जी फोटोवाले, बंद करा आता. गेली थे." थोडं थांबून, "जेवले का नाई तुमी?"

आणि पडदा काळा झाला.

"जेवलो होतो," धनराज दाराजवळून म्हणाला. "वांग्याची भाजी होती. लय चांगली होती."

सगळ्यांनी वळून त्याच्याकडं पाहिलं.

"धनराजभाऊ," वामनराव म्हणाले, "तुमी तं गाना टाकला होता ना याच्यावर?"

"टाकणार होतो."

"टाकणार होतो म्हणजे?" हे मी.

"अवो, हे घरी नव्हती, मले ते वायरी समजत नव्हत्या. चार दिवस पाह्यलं. मंग एक दिवस तलावावर मासे धराले गेलो. तुमी संध्याकाळी आले न्याले. म्हटलं आता काय सांगू. डबीवर नवीन कागद चिकटवला अन् देऊन टाकली."

"कागद चिकटवला!"

"पण तुमी तं मले म्हणाले, एक नंबर झाली!" धनराज आता उठून उभा राहिला. त्याला बोलायला जागा सापडली होती. "रस्त्यात सायकलवरून उतरून म्हणाले! हिच्यासमोर म्हणाले!"

आता वामनराव पंख्याकडं पाहायला लागले.

"मी कुठी पाह्यली जी," ते हळूच म्हणाले. "घरी व्हीसीआर नव्हता. पुन्हा भाड्यानं आणा, पुन्हा चाळीस लोकायले चहा करा... सीतानं इचारलं, झाली का दुरुस्त, तं म्हटलं झाली. मंग तुमालेबी तेच सांगतलं."

दोघंही उभे राहिले, शाळेत एकाच बाकावरून धरून आणलेल्या पोरांसारखे. एकतीस वर्षं दोन माणसं एकमेकांना खोटं सांगत, एकमेकांच्या कामाची तारीफ करत सावलीत राहिली होती, आणि त्यांच्या त्या आळसाच्या मधोमध पत्रुजी सुखरूप, तांदळात बसून होते. मी माझ्या नवऱ्यावर खूप रागवायचं ठरवलं होतं. त्याऐवजी मला हसू यायला लागलं, आणि ते आवरेना. डोळ्यांतून पाणी काढणारं हसू. पिंकीनं मला धरलं, तीही हसायला लागली.

सीताबाई मात्र अजून काळ्या पडद्यापुढं बसली होती.

"सीते," वामनराव म्हणाले, "आईकला ना तुह्या बाचा आवाज? बरा होता ना?"

ती वळली. डोळे ओले होते, पण त्यांत दुसरंच काहीतरी चमकत होतं.

"तुमी खिडकी नाई देल्ली," ती म्हणाली.

"अं?"

"माह्या बानं एवढ्या जोरानं सांगतलं. अख्ख्या गावानं आईकलं. तुमी हार सारखा करत बसले. अन् मंग मले गाडी लागली, तं तुमच्या मायनं मले काय काय म्हटलं! मी इतके वर्ष समजत होती, गाडीच्या आवाजात तुमाले आईकू आलं नसन."

"अवो, नवरदेव होतो मी. नवरदेवानं खिडकीत बसाव लागते, लोक पाहतात."

"बाबा," पिंकी म्हणाली, "मी निकेशले आजच सांगून ठेवते, खिडकी माही."

निकेश म्हणजे तिचा होणारा नवरा. तिनं खरंच फोन काढला.

दिव्यानीनं एव्हाना तो शेवटचा भाग वेगळा कापून ठेवला होता. हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाली, "काकू, याचं मस्त रील होते. तीस सेकंदाचं. 'जावईबापू, खिडकी द्या' एवढंच ठेवतो. मागून हलकं म्युझिक..."

"म्युझिक नाई टाकाचं," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण पोरगी दचकली.

"मम्मी, एकदम हलकं. सगळे टाकतात."

"सगळे टाकतात म्हणूनच मीबी टाकलं होतं."

दिव्यानीनं खांदे उडवले, पण म्युझिक टाकलं नाही. सीताबाईनं स्टूल आमच्या कॉम्प्युटरकडं ओढलं.

"पुन्हा लाव वो बाई. सुरुवातीपासून नोको. बा बोलते तिथून."

दिव्यानीनं लावलं. बकरी ओरडली, इंजिन घरघरलं, पत्रुजींनी पोरांना मागं सारलं, मावशीला उतरवलं. संपलं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मी पाहिलं, सीताबाईची नजर नीट बसत नव्हती. तरण्या नवरीकडं जायची, मावशीच्या लुगड्याकडं जायची, हार सारखा करणाऱ्या वामनरावांकडं जायची आणि मग कपाळाला आठी पडायची.

"हे टीव्ही झाकता येते का?" तिनं विचारलं.

"काऊन? बंद करू का काकू?"

"बंद नोको करू. झाक. चित्र आलं का मी चित्रच पाहतो, आवाज राहून जाते."

दिव्यानीनं माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षं आम्ही सावलीच्या लोकांना पडदे दाखवून जेवलो. पंधरा इंची, मग एकवीस इंची, मग भिंतीएवढा. पडदा झाकायला पहिल्यांदा कोणी सांगत होतं. खुंटीवर धनराजचा टॉवेल होता. मी तो काढला, झटकला आणि मॉनिटरवर टाकला. खालून थोडा उजेड झिरपत राहिला.

"हं," सीताबाई म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.

अर्ध्या शटरखालून चहावाला वाकून आला, ग्लास ठेवले, टॉवेल पांघरलेल्या कॉम्प्युटरपुढं डोळे मिटून बसलेली बाई पाहिली आणि काही न विचारता गेला. वामनरावांनी आपला ग्लास उचलला, फोन काढला आणि बाहेर ओट्यावर जाऊन राजदीपला पुण्याला फोन लावला. त्यांचं बोलणं आत स्पष्ट येत होतं. मास्तर माणूस, त्यांचाही आवाज काही कमी नाही.

"अरे आज तुह्या आजोबाचा आवाज सापडला! हो, हो, कॅसेटमध्ये... पाठवतो पाठवतो. पण आईक, त्याच्यात एक ठिकाणी तुले असं दिसंन का मी सरकून नाई राह्यलो. तसं नोय ते. मी वाटेत गडचिरोली आल्यावर देल्ली होती खिडकी तुह्या आईले."

"खोटं," सीताबाई आत, डोळे न उघडता म्हणाली, आणि दिव्यानीच्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली. "लाव, पुन्हा लाव."